ईएसएक्सआयच्या व्हीस्विचवर दोन नेटवर्क कार्डं: फेलओव्हर आणि लोड बॅलन्सिंग नीट कसं लावायचं

इंदूरला सांवेर रोडवर एक कारखाना आहे, तिथला सर्व्हर मी सांभाळतो. एकच रॅक, त्यात व्हीएमवेअर ईएसएक्सआयचा (एका सर्व्हरवर अनेक आभासी कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर) एक सर्व्हर, त्यावर सात व्हीएम, म्हणजे असे सात आभासी कॉम्प्युटर. सर्व्हरला दोन केबल लावून त्या दोन वेगळ्या स्विचमध्ये खोचल्या आणि मालकांना छाती फुगवून सांगितलं की आता एक केबल गेली तरी काही बंद पडणार नाही. मग एका शनिवारी संध्याकाळी उंदराने पहिली केबल कुरतडली. (इंदूरचे उंदीर, सेंव खाऊन वाढलेले, त्यांना केबलचं प्लास्टिक म्हणजे काय.) फेलओव्हर झाला, अगदी बरोबर झाला, ट्रॅफिक दुसऱ्या केबलवर गेला आणि बिलिंगचा व्हीएम गायब. गेटवर तीन ट्रक उभे, स्टोअरवाले काका फोनवर म्हणतायत "अरे बाळा, बिल निघून नाही राहिलं, ड्रायव्हर शिव्या देतोय", आणि मी छप्पन दुकानवर, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, हातात प्लेट घेऊन उभा. कारण नंतर सापडलं. दुसऱ्या स्विचच्या त्या पोर्टवर मी व्हीलॅन २०, म्हणजे नेटवर्कचा बिलिंगवाला कप्पा, टाकायलाच विसरलो होतो. लाइट हिरवा, लिंक अप, सर्व्हर खुश, पुढचा रस्ता बंद.

म्हणून खाली जे लिहितोय त्यात सेटिंग कमी आणि स्विचकडची, केबलकडची बाजू जास्त आहे, कारण व्हीस्विचवरची (म्हणजे सर्व्हरच्या आतल्या सॉफ्टवेअरच्या स्विचवरची) सेटिंग दहा मिनिटांची असते आणि माती बाकीच्या ठिकाणी होते.

आधी केबल आणि कार्डं

सर्व्हरच्या मदरबोर्डवर दोन किंवा चार पोर्ट असतात आणि लोक त्यातलेच दोन वापरून मोकळे होतात. चालतं, पण ते दोन्ही पोर्ट बहुतेकदा एकाच चिपवर असतात, चिप गेली की दोन्ही गेले. जमत असेल तर एक पोर्ट मदरबोर्डवरचा आणि एक वेगळ्या पीसीआय कार्डावरचा घ्या. जुनं कार्ड घ्यायचं असेल तर आधी ते तुमच्या ईएसएक्सआय व्हर्जनच्या कम्पॅटिबिलिटी लिस्टमध्ये आहे का बघा, नाहीतर कार्ड लावाल आणि ते यादीत दिसणारच नाही.

ईएसएक्सआय पोर्टांना व्हीएमनिक ०, व्हीएमनिक १ अशी नावं देतो आणि ही नावं मागच्या बाजूला छापलेल्या नंबरशी जुळतीलच असं नाही. माझ्याकडे मागे १ लिहिलेला पोर्ट आत व्हीएमनिक २ निघाला होता. त्यामुळे अंदाजाने जायचं नाही. ब्राउझरमधून होस्ट क्लायंट (ईएसएक्सआयचं वेबपान) उघडा, नेटवर्किंगमध्ये फिजिकल एनआयसीचा टॅब आहे, तिथे कोणता लिंक अप आणि कोणता डाउन ते दिसतं. एकेक केबल काढायची, रिफ्रेश करायचं, कोणता डाउन झाला ते बघायचं आणि लगेच केबलच्या दोन्ही टोकांना रंगीत टेप. मी व्हीएमनिक ० ला निळी आणि १ ला पिवळी लावतो. स्विच सिस्कोचा असेल तर काम अजून सोपं, स्टँडर्ड व्हीस्विच सीडीपी (सिस्कोचा स्विच स्वतःची ओळख सांगायला पाठवतो तो संदेश) ऐकतो त्यामुळे कोणती केबल कोणत्या स्विचच्या कितव्या पोर्टला गेलीये ते तिथेच दिसतं. एलएलडीपी, म्हणजे याचाच सगळ्या कंपन्यांना चालणारा प्रकार, मात्र स्टँडर्ड व्हीस्विचला येत नाही, त्याला डिस्ट्रिब्यूटेड (अनेक सर्व्हरवर एकत्र चालणारा) व्हीस्विच लागतो.

हे चालू कारखान्यात करू नका हं, रविवारी सकाळी करा. पोहे-जलेबी खाऊन गेलं की दुपारपर्यंत निवांत वेळ मिळतो.

स्विचकडची बाजू, जिथे मी आपटलो

नियम एकच आहे: एका टीममधले सगळे पोर्ट स्विचवर हुबेहूब सारखे पाहिजेत. दोन्हीकडे ट्रंक (एकाच केबलवर अनेक व्हीलॅन), दोन्हीकडे तेच व्हीलॅन, तोच नेटिव्ह व्हीलॅन (टॅग नसलेला डेटा जातो तो), जम्बो फ्रेम (मोठी पाकिटं) वापरत असाल तर दोन्हीकडे तोच एमटीयू (पाकिटाचा कमाल आकार). दोन स्विचची कॉन्फिग दोन खिडक्यांत शेजारी-शेजारी उघडा आणि ओळ-ओळ ताडून बघा, आठवणीवर नको. आणि दोन्ही स्विच आपसात ज्या केबलने जोडलेत, त्या केबलवरही हे सगळे व्हीलॅन पास होतायत ना ते बघा. हे विसरलं की भूत वाटावा असा प्रकार होतो, म्हणजे अर्धे पीसी सर्व्हर बघतात आणि अर्धे नाही.

दुसरी गोष्ट स्पॅनिंग ट्री, म्हणजे स्विचमध्ये पाकिटं गोल-गोल फिरत राहू नयेत (लूप होऊ नये) यासाठीची सोय. जुन्या स्पॅनिंग ट्रीमध्ये पोर्ट वर आला की आधी १५ सेकंद लिसनिंग आणि मग १५ सेकंद लर्निंग, म्हणजे ३० सेकंद तो पोर्ट काहीच पुढे जाऊ देत नाही, पण लिंक मात्र अप दाखवतो. ईएसएक्सआयला वाटतं रस्ता मोकळा झाला आणि तो ट्रॅफिक तिकडे ढकलतो, मग ३० सेकंद अंधार. म्हणून सर्व्हरकडे जाणाऱ्या पोर्टवर पोर्टफास्ट (ही वाट न बघता पोर्ट लगेच चालू करणारी सेटिंग) लावायचा, ट्रंक असेल तर ट्रंकवाला पोर्टफास्ट. यावर लोक घाबरतात की दोन केबल लावल्या तर लूप होईल. नाही होत. व्हीस्विच एका अपलिंकवरून (बाहेर जोडलेल्या कार्डावरून) आलेली फ्रेम दुसऱ्या अपलिंकवरून बाहेर पाठवतच नाही, त्यामुळे त्याच्यातून लूप बनत नाही आणि तो स्पॅनिंग ट्रीत भागही घेत नाही.

आता व्हीस्विच

होस्ट क्लायंटमध्ये नेटवर्किंग, व्हर्च्युअल स्विचेस, व्हीस्विच ०. वर ॲड अपलिंक दिसेल, ते दाबलं की रिकामा व्हीएमनिक निवडायला मिळतो, सेव्ह करा. मग एडिट सेटिंग्जमध्ये एनआयसी टीमिंगचा भाग उघडा, तिथे फेलओव्हर ऑर्डरमध्ये दोन्ही कार्डं दिसतात. नवीन कार्ड स्टँडबायमध्ये पडलं असेल आणि तुम्हाला दोन्ही वापरायचे असतील तर त्याला ॲक्टिव्ह करा. आणि इथे एक खाच आहे जी बरेच जण चुकवतात. व्हीस्विचवर बदललं तरी पोर्ट ग्रुपवर (व्हीस्विचवरच्या पोर्टांच्या गटावर) आधीच वेगळी सेटिंग ओव्हरराइड करून ठेवलेली असू शकते, विशेषतः मॅनेजमेंट नेटवर्कवर, म्हणजे ज्यातून आपण ईएसएक्सआय चालवतो त्यावर. म्हणून प्रत्येक पोर्ट ग्रुप उघडून त्याचं टीमिंग बघायचंच, व्हीस्विचकडून वारसा घेतोय की स्वतःचं वेगळं चालवतोय.

हे करताना मॅनेजमेंटची लाइन तुटली तर घाबरू नका. सर्व्हरला मॉनिटर-कीबोर्ड लावा, पिवळ्या-करड्या स्क्रीनवर एफ२ दाबून लॉगिन करा, कॉन्फिगर मॅनेजमेंट नेटवर्कमध्ये नेटवर्क अडॅप्टर्समधून कार्ड परत निवडता येतं, आणि फारच बिघडलं तर नेटवर्क रिस्टोअर ऑप्शन्स तिथेच आहे. म्हणून माझा नियम, मॉनिटरची केबल आधी लावायची आणि मग सेटिंगला हात लावायचा.

लोड बॅलन्सिंगचे चार प्रकार

स्टँडर्ड व्हीस्विचवर चार पर्याय येतात. पहिला आणि डिफॉल्ट, ओरिजिनेटिंग व्हर्च्युअल पोर्ट आयडीवर. व्हीएमचं व्हर्च्युअल कार्ड व्हीस्विचच्या ज्या पोर्टला जोडलं गेलं त्या पोर्टच्या नंबरवरून त्याला एक अपलिंक मिळतो आणि तो व्हीएम त्याच अपलिंकवर राहतो, जोवर तो अपलिंक मरत नाही. सात व्हीएम असतील तर साधारण चार इकडे, तीन तिकडे. फिजिकल स्विचवर काहीही खास करावं लागत नाही आणि दोन केबल दोन वेगळ्या स्विचमध्ये लावता येतात. दहापैकी नऊ ठिकाणी मी हाच ठेवतो, आणि क्लायंट म्हणाला "भिया, काहीतरी ॲडव्हान्स लावा ना" तरी हाच ठेवतो.

त्याची मर्यादा एकच, एका व्हीएमला एका केबलपेक्षा जास्त स्पीड मिळत नाही. समजा बॅकअपच्या व्हीएममधून रात्री ९०० जीबी एनएएसवर (नेटवर्कवरच्या स्टोरेजवर) जातं. एक गिगाबिटच्या केबलवर प्रत्यक्षात सेकंदाला ११० एमबीच्या आसपास मिळतं, म्हणजे सव्वादोन तास. दोन केबल लावल्या म्हणून हे सव्वा तासात होत नाही, मालकांना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर ते दुसऱ्या केबलचे पैसे का घेतले म्हणून विचारतात.

दुसरा प्रकार सोर्स मॅक हॅश. यात अपलिंक व्हीएमच्या मॅक ॲड्रेसवरून (नेटवर्क कार्डाच्या स्वतःच्या पत्त्यावरून) ठरतो. आजकाल याचं काही विशेष काम नाही, सोडून द्या.

तिसरा आयपी हॅश, आणि सगळ्यात जास्त गोंधळ इथे. यात पाठवणारा आणि घेणारा अशा दोन्ही आयपींचे शेवटचे आकडे घेऊन त्यांचा एक्सऑर (बिट-बिट ताडून करायची गणिती क्रिया) करतात आणि अपलिंकच्या संख्येने भागून बाकी बघतात. उदाहरण घ्या, व्हीएमचा शेवटचा आकडा २१ आणि एका पीसीचा ४०. २१ आणि ४० चा एक्सऑर ६१, दोनने भागलं की बाकी १, म्हणजे दुसरा अपलिंक. शेजारच्या पीसीचा ४१ असेल तर एक्सऑर ६०, बाकी ०, म्हणजे पहिला अपलिंक. म्हणजे एकच व्हीएम वेगवेगळ्या पीसींशी बोलताना दोन्ही केबल वापरतो, जे पोर्ट आयडीत होत नाही. पण वरचं बॅकअपचं उदाहरण परत घ्या, एक व्हीएम आणि एक एनएएस, आयपीची जोडी एकच, म्हणजे केबलही एकच, वेळ तोच सव्वादोन तास. लोक नेमके बॅकअप फास्ट व्हावा म्हणून आयपी हॅश लावतात आणि नेमकं तिथेच त्याचा उपयोग होत नाही.

शिवाय आयपी हॅशला फिजिकल स्विचवर इथरचॅनल (अनेक पोर्ट बांधून केलेला एक चॅनल) लागतो, आणि स्टँडर्ड व्हीस्विचला एलएसीपी (दोन्ही बाजूंनी आपसात बोलून चॅनल जुळवायची पद्धत) येत नाही, त्यामुळे तो स्टॅटिकच पाहिजे, सिस्कोच्या भाषेत मोड ऑन. दोन्ही केबल एकाच स्विचला किंवा एकत्र स्टॅक केलेल्या स्विचला पाहिजेत, साध्या दोन वेगळ्या स्विचवर हे जमत नाही. स्टँडबाय कार्ड ठेवायचं नाही, बीकन प्रोबिंग चालू करायचं नाही, आणि व्हीस्विचवरच्या सगळ्या पोर्ट ग्रुपना आयपी हॅशच पाहिजे, एक पोर्ट ग्रुप जुन्या पॉलिसीवर राहिला की तोच अधूनमधून रुसतो. होस्टवर आयपी हॅश आहे आणि स्विचवर चॅनल नाही, तर स्विचच्या लॉगमध्ये मॅक फ्लॅपिंगचा (एकच मॅक कधी या, कधी त्या पोर्टवर दिसण्याचा) पाऊस पडतो. उलटं असेल तर काही पीसींना व्हीएम दिसतो, काहींना नाही. खरोखर लावायचाच असेल तर क्रम असा ठेवा: दुसरी केबल काढून टाका, स्विचवर दोन्ही पोर्ट चॅनलमध्ये घ्या, एका केबलवर काम चालू आहे ना बघा, मग व्हीस्विच आणि सगळे पोर्ट ग्रुप आयपी हॅशवर आणा, आणि शेवटी दुसरी केबल खोचा. केबल एकच असते तोवर भांडण व्हायला दुसरा रस्ताच नसतो.

चौथा एक्सप्लिसिट फेलओव्हर ऑर्डर. यात बॅलन्सिंग काहीच नाही, यादीत वरचा चालेल, तो मेला तर खालचा. एक केबल दहा गिगाबिटची आणि एक एक गिगाबिटची असेल तर हा कामाचा, अशा वेगळ्या स्पीडच्या दोन केबल दोन्ही ॲक्टिव्ह ठेवायच्या नसतात.

फेल झालं हे ओळखायचं कसं

दोन पर्याय. लिंक स्टेटस ओन्ली हा डिफॉल्ट, आणि तो फक्त स्वतःच्या केबलचा लाइट बघतो. केबल तुटली, स्विच बंद पडला, कळतं. पण स्विच चालू आहे आणि त्याची पुढे मेन स्विचकडे जाणारी केबल तुटली तर याला काहीच कळत नाही. व्हीलॅन चुकलेला असला तरी कळत नाही, माझ्या शनिवारी हेच झालं.

दुसरा बीकन प्रोबिंग, ज्यात कार्डं एकमेकांना छोटी पाकिटं पाठवून बघतात की पोचतंय का. ऐकायला छान, पण याला कमीत कमी तीन कार्डं पाहिजेत. दोनच असतील तर पाकीट पोचलं नाही एवढं कळतं, दोघांपैकी चूक कोणाची ते कळत नाही, मग तो सगळं ट्रॅफिक दोन्हीकडून पाठवायला लागतो. नवरा-बायकोच्या भांडणात तिसरा माणूस लागतो तसं. दोन कार्डं असतील तर लिंक स्टेटसच ठेवा आणि स्विचवर लिंक स्टेट ट्रॅकिंगची सोय असेल तर ती लावा, म्हणजे स्विचची वरची केबल तुटली की तो स्वतःहून सर्व्हरकडचा पोर्टही पाडतो आणि ईएसएक्सआयला लगेच कळतं.

नोटिफाय स्विचेस 'हो' ठेवायचं. फेलओव्हर झाला की ईएसएक्सआय व्हीएमच्या वतीने आरएआरपीचं पाकीट पाठवतो, स्विचला कळतं की हा मॅक आता या पोर्टवर आला. हे नाही केलं तर स्विच जुन्याच पोर्टवर डेटा पाठवत बसतो. मायक्रोसॉफ्टचं नेटवर्क लोड बॅलन्सिंग युनिकास्ट मोडमध्ये वापरत असाल तर तेवढ्यापुरतं ते 'नाही' करायचं.

फेलबॅक म्हणजे मेलेलं कार्ड परत आलं की काम त्याच्याकडे परत द्यायचं का. डिफॉल्ट हो आहे. ज्या स्विचवर पोर्टफास्ट लावता येत नाही किंवा जिथे केबल सैल असून लिंक वर-खाली नाचते तिथे मी 'नाही' ठेवतो, कारण कार्ड दर मिनिटाला जाऊन-येऊन राहिलं तर दर वेळी व्हीएमना झटका बसतो. मात्र 'नाही' ठेवलं की बॅलन्सिंग आपोआप परत येत नाही, दुरुस्तीनंतर स्वतः बघावं लागतं.

दोनच कार्डांवर कामं वाटायची

व्हीस्विच एकच, पण पोर्ट ग्रुपवर ओव्हरराइड करून वेगवेगळा क्रम देता येतो. मॅनेजमेंटसाठी व्हीएमनिक ० ॲक्टिव्ह, १ स्टँडबाय. दोन होस्ट असतील आणि व्हीमोशन (चालू व्हीएम एका होस्टवरून दुसऱ्यावर हलवणं) वापरत असाल तर त्याला बरोबर उलटं, १ ॲक्टिव्ह आणि ० स्टँडबाय. व्हीएमच्या पोर्ट ग्रुपला दोन्ही ॲक्टिव्ह, पोर्ट आयडी. यामुळे व्हीमोशनने केबल भरली तरी मॅनेजमेंटचा श्वास कोंडत नाही, आणि एक केबल गेली तर सगळे एका केबलवर दाटीवाटीने बसतात पण बसतात.

आयस्कझी (नेटवर्कवरून डिस्क जोडायची पद्धत) पोर्ट बाइंडिंगचा नियम वेगळा. तिथे प्रत्येक व्हीएमकर्नल पोर्टला (ईएसएक्सआयच्या स्वतःच्या पोर्टला) एकच कार्ड ॲक्टिव्ह आणि बाकीचं अनयूज्ड, स्टँडबाय पण नाही. तिथला फेलओव्हर मल्टिपाथिंग (डिस्ककडे जाणारे अनेक रस्ते बघणारी सोय) सांभाळतं, टीमिंग नाही.

डिस्ट्रिब्यूटेड स्विच असेल, म्हणजे व्हीसेंटर (अनेक होस्ट एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) आणि महागडं लायसन्स असेल, तर पाचवा पर्याय मिळतो, फिजिकल एनआयसी लोडवर आधारित. तो दर ३० सेकंदांनी बघतो आणि एखादा अपलिंक ७५ टक्क्यांच्या वर भरला की काही व्हीएम दुसरीकडे हलवतो, स्विचवर चॅनल न बनवता. असेल तर डोळे मिटून तोच लावा. एलएसीपीही तिथेच मिळतं. आणि हायपर-व्हीवाल्यांसाठी (मायक्रोसॉफ्टचं असंच सॉफ्टवेअर), विंडोज सर्व्हर २०१६ पासून स्विच एम्बेडेड टीमिंग आलंय, त्यात एकसारखी कार्डं लागतात आणि स्टँडबाय असा प्रकारच नाही, सगळी ॲक्टिव्ह.

टेस्ट, आणि ती आळस न करता

आधी कोणता व्हीएम कोणत्या केबलवर आहे ते बघा. एसएसएच (दुरून कमांड द्यायची सोय) चालू करून ईएसएक्सटॉप टाइप करा, एन दाबा, टीम-पीएनआयसी नावाचा कॉलम येतो, त्यात प्रत्येक व्हीएमसमोर व्हीएमनिक लिहिलेला असतो. याचा फोटो काढून ठेवा.

मग ऑफिसच्या एका पीसीवरून प्रत्येक व्हीलॅनमधल्या एका व्हीएमला सतत पिंग लावा, एकालाच नाही, प्रत्येक व्हीलॅनमधल्या. मी त्या वेळी फक्त मॅनेजमेंटला पिंग लावून टेस्ट पास केली होती, मॅनेजमेंट व्हीलॅन १० मध्ये होतं आणि ते दोन्हीकडे बरोबर होतं, म्हणून पास. आता निळी केबल काढा. एखाद-दुसरा पिंग हुकेल, मग परत चालू झाला पाहिजे, सगळ्या खिडक्यांत. दोन मिनिटं तशीच ठेवा, बिलिंग उघडून एक खोटं बिल काढून बघा, मग केबल लावा आणि परत येतानाही किती पिंग हुकतात ते मोजा. वीस-तीस सेकंद गेले तर पोर्टफास्ट राहिलाय. मग पिवळी केबल, तेच सगळं.

शेवटची टेस्ट, पूर्ण स्विच बंद करायचा, केबल नाही. उंदराच्या प्रकरणानंतर व्हीलॅन नीट करून मी ही टेस्ट घेतली, काकांना म्हटलं वरच्या स्विचचं बटण बंद करा. काकांनी भिंतीवरचं बटण दाबलं आणि दोन्ही स्विच एकदम विझले. बघतो तर दोन्हीचे प्लग एकाच एक्स्टेन्शन बोर्डात, तो बोर्ड एकाच यूपीएसवर. दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियनला बोलावून दुसऱ्या यूपीएसची लाइन रॅकपर्यंत ओढली, एक स्विच आणि सर्व्हरचा एक पॉवर सप्लाय तिकडे टाकला, आणि परत पिंगच्या चार खिडक्या उघडून काकांना म्हटलं, आता दाबा.